सिदचा संसार

वीरपुरुषांच्या कथा आपण मोठ्या आवडीने वाचतो. त्यांची तलवार, त्यांचा घोडा, त्यांनी सर केलेले किल्ले यांची वर्णने वाचताना आपले भान हरपते. परंतु लढाई संपल्यावर हा वीर कोठे जात असे? त्याच्या घोड्याला दाणा कोठून येई? चिलखताचे मोल तो कशातून देई? तो रणात पडला, तर त्याच्या बायकामुलांच्या वाट्यास काय येत असे? या प्रश्नांची उत्तरे वीरकाव्यांत क्वचितच मिळतात. ती मिळतात जुन्या दानपत्रांत, वाटणीपत्रांत आणि करारपत्रांत. स्पेन देशातील एका विख्यात वीराची अशी काही पत्रे ९०० वर्षांहून अधिक काळ टिकून राहिली आहेत. त्यांच्या आधारे आज आपण त्याच्या घरात डोकावून पाहणार आहोत.

या वीराचे नाव रॉद्रिगो दियाझ. उत्तर स्पेनमधील बुर्गोस नगरापासून सुमारे १० किलोमीटरांवर विवार नावाचे एक लहानसे गाव आहे. इ. स. १०४५ च्या सुमारास तेथे त्याचा जन्म झाला असावा. पुढे मुसलमान लोक त्याला ‘सिद’ म्हणू लागले. हा शब्द मूळ अरबी असून ‘सय्यद’ या आपल्या परिचयाच्या शब्दाचाच तो भाऊबंद आहे. ‘सिद’ म्हणजे धनी, स्वामी. आपल्या शत्रूंच्या भाषेतील नावाने जो अमर झाला, असा हा वीर होय.

त्या काळी स्पेन हे एक राज्य नव्हते. उत्तरेस कॅस्टिल, लेऑन, नव्हार, आरागॉन अशी ख्रिस्ती राज्ये होती. दक्षिणेस व पूर्वेस सेव्हिल, तोलेदो, सारागोसा, व्हॅलेन्सिया अशी मुसलमानांची लहानमोठी राज्ये होती. ही राज्ये आज एकमेकांशी लढत, तर उद्या तह करीत. धर्म एक म्हणून मैत्री आणि धर्म भिन्न म्हणून वैर, असा सरळ हिशेब तेथे नव्हता. दुबळ्या राजाने बलवान राजाला दरवर्षी सोन्याची खंडणी द्यावी आणि त्याबदल्यात संरक्षण मिळवावे, अशी रीत पडली होती.

रॉद्रिगोचा पिता दिएगो लाईनेझ हा फार मोठा सरदार नव्हता. मात्र त्याने नव्हारच्या सैन्याकडून काही गढ्या जिंकून घेतल्या होत्या. विवारजवळून उबिएर्ना नावाची नदी वाहते. तिच्या काठी पाण्यावर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या होत्या. दळणाचा मोबदला म्हणून गिरणीच्या मालकास धान्याचा काही भाग मिळत असे. सिदवर पुढे जे काव्य रचले गेले, त्यात त्याचा एक गर्विष्ठ शत्रू त्याला या गिरण्यांवरून हिणवतो. याने दरबारात मिरवण्यापेक्षा आपल्या गिरण्या सांभाळाव्यात, असे सुचवितो. परंतु यात हिणवण्याजोगे काय होते? घोडेस्वाराचे शौर्य शेवटी शेतातल्या गव्हावर आणि गिरणीतल्या पिठावरच उभे असते.

बाल रॉद्रिगो कॅस्टिलच्या सांचो नावाच्या राजपुत्राच्या पदरी वाढला. सांचोनेच त्याच्या कमरेला वीराचा पट्टा बांधला. पुढे सांचो राजा झाला, परंतु इ. स. १०७२ मध्ये त्याचा वध झाला आणि त्याचा भाऊ सहावा आल्फान्सो गादीवर आला. रॉद्रिगोने नव्या राजाची सेवा पत्करली. तो केवळ तलवारबहाद्दर नव्हता. त्याला कायद्याचेही चांगले ज्ञान होते. इ. स. १०७५ मध्ये ओव्हिएदो येथे चाललेल्या एका दाव्यात न्याय देणाऱ्या पंचांमध्ये त्याचे नाव आढळते.

याच सुमारास रॉद्रिगोचा विवाह झाला. वधूचे नाव हिमेना. ओव्हिएदो प्रांतातील दिएगो नावाच्या एका मोठ्या सरदाराची ती कन्या. घराण्याच्या मानाने ती पतीपेक्षा वरचढ होती. या विवाहाच्या निमित्ताने रॉद्रिगोने तिला जे पत्र लिहून दिले, ते बुर्गोसच्या मुख्य चर्चच्या दप्तरात जपून ठेवलेले आहे. त्यावरील साल १०७४ असे वाचले जाते. अशा पत्राला स्पॅनिश भाषेत ‘कार्ता दे अर्रास’ म्हणतात. अर्रास म्हणजे विवाहाच्या वेळी पतीने पत्नीच्या नावे करून दिलेली मालमत्ता. आपल्याकडील स्त्रीधनाची कल्पना ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचा अर्थ चटकन कळेल.

हे पत्र लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. लेऑनच्या रिवाजास अनुसरून रॉद्रिगोने आपल्या मालमत्तेचा निम्मा भाग हिमेनेला दिला. त्यात काही संपूर्ण गावे होती आणि बुर्गोसच्या आसपासच्या तीसहून अधिक गावांतील लहानमोठे हिस्से होते. कोठे शेत, कोठे द्राक्षमळा, कोठे झाडे, कुरण, पाण्याचा झरा, तर कोठे गिरणी. यावरून एक गोष्ट दिसून येते. त्या काळच्या सरदाराची मालमत्ता म्हणजे एका कुंपणातील एकच विस्तीर्ण जमीन नव्हे. वारसाहक्काच्या वाटण्या होत होत ती गावोगाव विखुरलेली असे. कारण स्पेनमधील जुन्या कायद्याप्रमाणे पित्याच्या मिळकतीत मुलगा आणि मुलगी या दोघांनाही समान वाटा मिळे. प्रत्येक पिढीला जमिनीचे तुकडे पडत आणि विवाहाने दुसऱ्या घरचे तुकडे त्यांना येऊन मिळत.

याच पत्रात पतिपत्नींनी एकमेकांस आपले वारस ठरविले आहे. रॉद्रिगो आधी मरण पावला आणि हिमेनेने पुन्हा विवाह केला नाही, तर सर्व काही तिच्या ताब्यात राहावे. तिच्या संमतीवाचून कोणासही काही दिले जाऊ नये. तिच्या पश्चात ते मुलांना मिळावे, असे ठरले. हिमेना आधी गेली, तर तिचे ते रॉद्रिगोकडे यावे. तिने दुसरा विवाह केल्यास या वारसाहक्काची मालमत्ता मुलांकडे जावी. आणि ‘सर्व काही’ म्हणजे काय, तेही स्पष्ट लिहिलेले आहे. त्यात केवळ गावे आणि जमिनी नाहीत. सोने, चांदी, घोड्या, खेचरे, चिलखते, शस्त्रे आणि घरातील मौल्यवान वस्तू हेही त्यात आहे. वीराच्या दृष्टीने ज्या वस्तू सर्वांत प्रिय, ती शस्त्रे आणि चिलखतेसुद्धा त्याने पत्नीच्या अधिकाराखाली सोपविली. हा केवळ शब्दांचा थाट नव्हता, हे पुढे पंचवीस वर्षांनी सिद्ध होणार होते.

या दांपत्याचा संसार सुरू झाला. इ. स. १०७६ मध्ये सिलोसच्या मठाला दोन गावांतील आपले हिस्से दान देताना रॉद्रिगो आणि हिमेना या दोघांनी मिळून ते दान दिले. त्यांना दिएगो नावाचा एक पुत्र आणि क्रिस्तिना व मारिया या दोन कन्या झाल्या.

परंतु सरदाराच्या संपत्तीचा एक भाग असा होता, की ज्याच्यावर त्याची मालकी नव्हती. मराठी मुलांना हा भेद आपल्या इतिहासावरून सहज समजेल. मिरास वेगळी आणि सरंजाम वेगळा. मिरास वाडवडिलांकडून आलेली, स्वतःच्या हक्काची. सरंजाम राज्यकर्त्याने चाकरीसाठी दिलेला. चाकरी संपली, की तोही संपला. कॅस्टिलमध्येही असाच भेद होता. राजा सरदाराला गढ्या व गावांचे उत्पन्न देई आणि मर्जी फिरली की ते परत घेई. राजाचा कोप झाला, तर सरदाराला देशही सोडावा लागे.

रॉद्रिगोवर हा प्रसंग दोनदा आला. इ. स. १०८१ मध्ये त्याने राजाला न विचारता तोलेदोच्या मुलखावर स्वारी केली. तोलेदोचा राजा तेव्हा आल्फान्सोच्या आश्रयाखाली होता. दरबारातील हितशत्रूंना निमित्त मिळाले. राजाने त्याला हद्दपार केले. आपल्या मूठभर स्वारांना घेऊन तो बाहेर पडला आणि सारागोसाच्या मुसलमान राजाच्या पदरी राहिला. तेथे त्याने मोठे विजय मिळविले. इ. स. १०८२ मध्ये आल्मेनार येथील लढाईत तर त्याने बार्सिलोनाच्या ख्रिस्ती अधिपतीलाच कैद केले.

पुढे आल्फान्सोवर संकट आले. आफ्रिकेतून आलेल्या अल्मोराविद सैन्याने इ. स. १०८६ मध्ये साग्राहास येथे त्याचा दारुण पराभव केला. अशा वेळी त्याला रॉद्रिगोची आठवण झाली. त्याने त्याला परत बोलावून दुएन्यास, गोर्माझ, ब्रिविएस्का आदी ठिकाणच्या गढ्या व गावे दिली. एवढेच नव्हे, तर रॉद्रिगो शत्रूकडून जो मुलूख जिंकील तो त्याचा व त्याच्या वंशजांचा होईल, असेही त्याला लिहून दिले.

ही मर्जी फार दिवस टिकली नाही. आलेदो नावाच्या किल्ल्याला शत्रूचा वेढा पडला होता. तो उठविण्यासाठी राजा निघाला आणि रॉद्रिगोने वाटेत येऊन मिळावे, असा त्याने निरोप धाडला. दोघांची चुकामूक झाली. रॉद्रिगो मुद्दामच आला नाही, त्याने राजाशी दगा केला, असे शत्रूंनी राजाच्या मनात भरविले. राजाने मागचापुढचा विचार न करता त्याच्या गढ्या काढून घेतल्या, त्याची वाडवडिलार्जित मालमत्ताही जप्त केली, घरातील सोनेनाणे नेले आणि हिमेनेला व तिच्या लहान मुलांना बंदिवासात टाकले!

गढ्या राजाच्या होत्या; त्या त्याने घेतल्या, तर ते एक वेळ समजू शकते. परंतु वाडवडिलांची जमीन राजाने दिलेली नव्हती. आणि बायकामुलांचा अपराध तो कोणता? ही वार्ता कळताच रॉद्रिगोने तलवार उपसली नाही. त्याने आपला एक स्वार राजाकडे पाठविला आणि आपली बाजू न्यायासमोर मांडण्याची तयारी दर्शविली. आरोप करणाऱ्याशी द्वंद्वयुद्ध करून निर्दोषत्व सिद्ध करण्यास तो सिद्ध होता. आपण निरपराध असल्याच्या शपथेचे चार निरनिराळे मसुदेही त्याने लिहून पाठविले. यांतील राजाला जो मान्य असेल, त्याप्रमाणे आपण शपथ घेऊ, असे कळविले. राजाने ही विनंती मान्य केली नाही. मात्र हिमेनेला व मुलांना मुक्त करून त्याच्याकडे जाण्याची परवानगी दिली.

आता रॉद्रिगोजवळ राजाने दिलेले असे काहीच उरले नाही. त्याने पूर्व स्पेनमध्ये स्वतःच्या बळावर उभे राहण्याचा निश्चय केला. तेथील राजे व किल्लेदार त्याला खंडणी देऊ लागले. अखेर प्रदीर्घ वेढ्यानंतर इ. स. १०९४ च्या जून महिन्यात व्हॅलेन्सिया हे समुद्रकाठचे संपन्न नगर त्याच्या हाती आले. त्याच वर्षी त्याने नगराबाहेर क्वार्ते येथे अल्मोराविद सैन्याचा पराभव केला. विवारच्या गिरणीवाल्याचा मुलगा एका नगरीचा अधिपती झाला.

मुलांनो, वीराचे चरित्र वाचताना त्याच्या यशाची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. व्हॅलेन्सियाच्या वेढ्यात नगरवासीयांची अन्नान्नदशा झाली. धान्याचे भाव अफाट वाढले आणि कित्येक लोक उपासमारीने मेले. त्या नगरातील एका मुसलमान इतिहासकाराने हे हाल लिहून ठेवले होते. नगर जिंकल्यावर सिदने तेथील काजी इब्न जह्हाफ याच्यावर पूर्वीच्या राजाचा खजिना लपविल्याचा व त्याच्या खुनाचा आरोप ठेवला आणि इ. स. १०९५ मध्ये त्याला जिवंत जाळविले. ज्याची स्वतःची बायकामुले अन्यायाने बंदीत पडली होती, त्याने दुसऱ्याच्या घरावर असा प्रसंग आणावा, हे त्याच्या कीर्तीला भूषणावह नाही. शौर्य हा मोठा गुण खरा. पण दया नसेल, तर तो अपुरा आहे.

व्हॅलेन्सियात हिमेना, पुत्र व कन्या त्याच्याजवळ होत्या. पण सुखाचे दिवस थोडे होते. इ. स. १०९७ मध्ये आल्फान्सो पुन्हा अल्मोराविदांशी लढण्यास निघाला. ज्या राजाने आपल्या कुटुंबाला बंदीत टाकले होते, त्याच्याच मदतीस दिएगोला पाठविण्यात आले. कोन्सुएग्रा येथील लढाईत तो ऐन तारुण्यात ठार झाला. सिदला दुसरा पुत्र नव्हता.

या दुःखानंतर एका वर्षाने, म्हणजे इ. स. १०९८ मध्ये, सिदने व्हॅलेन्सियाच्या मुख्य चर्चला एक दानपत्र करून दिले. ते पत्र सालामांका येथील चर्चच्या दप्तरात आहे. त्याच्या तळाशी सिदची सही आहे. आपण, रॉद्रिगो, आपल्या पत्नीसह वरील मजकुरास मान्यता देत आहोत, अशा आशयाचे लॅटिन शब्द तेथे आहेत. नगर जिंकणाऱ्या या पुरुषाने सही करताना पत्नीचा उल्लेख करण्याचे विसरू नये, ही गोष्ट लहान असली तरी मोलाची आहे.

१० जुलै १०९९ रोजी सिद व्हॅलेन्सियात मरण पावला. आता पंचवीस वर्षांपूर्वीचे ते विवाहपत्र जणू खरे ठरले. त्याची शस्त्रे, त्याचे स्वार, त्याची नगरी, सारे काही हिमेनेच्या हाती आले. सभोवार शत्रू असता तिने जवळजवळ तीन वर्षे व्हॅलेन्सिया राखली. इ. स. ११०१ मध्ये तिने स्वतःच्या नावे चर्चला दान दिल्याचे पत्रही उपलब्ध आहे. त्याच वर्षी अल्मोराविदांनी नगराला वेढा घातला. तिच्या हाकेस आल्फान्सो राजा धावून आला; परंतु आपल्या राज्यापासून इतके दूर असलेले नगर राखणे शक्य नाही, असे त्याला दिसून आले. इ. स. ११०२ मध्ये नगराला आग लावून सर्व जण बाहेर पडले. हिमेनेने पतीचा देह बरोबर घेतला आणि बुर्गोसजवळच्या कार्देन्याच्या मठात त्याचे दफन केले. पुढे इ. स. १९२१ मध्ये त्या दोघांच्याही अस्थी बुर्गोसच्या मुख्य चर्चमध्ये आणण्यात आल्या. आज ती दोघे तेथे एकाच शिळेखाली विसावली आहेत.

सिदच्या कन्यांचे काय झाले? क्रिस्तिनेचा विवाह नव्हारच्या राजघराण्यातील रामिरो याच्याशी झाला. मारियेचा विवाह बार्सिलोनाचा अधिपती तिसरा रामोन बेरेंगेर याच्याशी झाला. गंमत अशी, की सिदने लढाईत ज्याला कैद केले होते, त्याचाच हा पुतण्या! क्रिस्तिनेचा पुत्र गार्सिया इ. स. ११३४ मध्ये नव्हारचा राजा झाला. गार्सियाच्या कन्येचा पुत्र आठवा आल्फान्सो हा कॅस्टिलच्या सिंहासनावर बसला. ज्या कॅस्टिलमधून सिद दोनदा हद्दपार झाला, तेथे त्याचाच खापरपणतू राजा झाला!

सिदच्या मृत्यूनंतर सुमारे १०० वर्षांनी त्याच्यावर एक दीर्घ काव्य रचले गेले. स्पॅनिश भाषेतील ते एक आद्य महाकाव्य मानले जाते. त्यात कन्यांची नावे एल्विरा आणि सोल अशी आहेत. त्यांच्या दुष्ट पतींची जी कथा आहे, ती काल्पनिक आहे. पण त्या कथेत एक मार्मिक गोष्ट आढळते. जावयांनी कन्यांचा छळ केल्यावर सिद सूड घेण्यास धावत नाही. तो राजसभेत दाद मागतो. प्रथम जावयांना दिलेल्या दोन तलवारी, मग कन्यांबरोबर दिलेले धन आणि सर्वांत शेवटी गेलेली अब्रू, अशा क्रमाने तो एकेक गोष्ट न्यायाने परत मिळवितो. कवीने कथा कल्पिली, तरी सिदचा स्वभाव त्याने बरोबर ओळखला होता.

तलवारीने जिंकलेली व्हॅलेन्सिया त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांत गेली. राजाने दिलेल्या गढ्या तर त्याच्या हयातीतच गेल्या होत्या. परंतु ज्या पत्रावर एका वीराने आपले अर्धे घर पत्नीच्या नावे केले, ते अद्याप शाबूत आहे. बळाने मिळविलेले टिकविण्यास रात्रंदिवस बळच लागते. विश्वासाने दिलेले मात्र देणारा गेला, तरी मागे राहते.

शब्दार्थ

खंडणी – बलवान सत्तेस नाइलाजाने द्यावा लागणारा द्रव्यरूपी कर.
मिरास – वंशपरंपरेने चालत आलेली हक्काची जमीन.
सरंजाम – लष्करी चाकरीसाठी राज्याकडून मिळालेले उत्पन्न.
दप्तर – कागदपत्रांचा संग्रह.
हद्दपार करणे – देशाच्या सीमेबाहेर घालविणे.
अन्नान्नदशा – अन्न न मिळाल्यामुळे झालेली केविलवाणी स्थिती.
मसुदा – लेखाचा कच्चा खर्डा.
खापरपणतू – पणतूचा किंवा पणतीचा मुलगा.

अभ्यास

१. ‘कार्ता दे अर्रास’ म्हणजे काय? रॉद्रिगोने हिमेनेला दिलेल्या पत्रातील मुख्य गोष्टी सांगा.
२. त्या काळी सरदारांची मालमत्ता गावोगाव का विखुरलेली असे?
३. मिरास व सरंजाम यांतील भेद सिदच्या आयुष्यातील प्रसंगांच्या आधारे स्पष्ट करा.
४. आल्फान्सो राजाने रॉद्रिगोच्या कुटुंबाला बंदीत टाकले, तेव्हा रॉद्रिगो कसा वागला? त्याचे वागणे तुम्हांस योग्य वाटते काय? कारणे द्या.
५. व्हॅलेन्सियाच्या विजयाची ‘दुसरी बाजू’ कोणती? ती लेखकाने का सांगितली असावी?
६. हिमेनेच्या अंगी कोणते गुण होते, ते पाठाच्या आधारे आठ ते दहा ओळींत लिहा.
७. पुढील वाक्प्रचारांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा : भान हरपणे, मर्जी फिरणे, मनात भरविणे, दाद मागणे.
८. पुढील सामासिक शब्दांचा विग्रह करा : पतिपत्नी, राजसभा, बायकामुले, द्राक्षमळा.